रोमला जहाज लावणाऱ्या एजंटसाहेबांना खुले पत्र

महाशय,

तुमच्या गुळगुळीत पत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'रोम' छापलंय, शेजारी कलोसियम आणि त्याच्या मागे पांढरंशुभ्र जहाज. रोम टायबर नदीच्या काठी आहे. हजारो प्रवाशांची जहाजं लागतात ती चिवितावेक्कियाला, रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. जहाज कंपनीच्या मूळ वेळापत्रकात शहराच्या नावापुढे कंसात बंदराचं नाव दिलेलं असतं. मराठी पत्रक छापताना तो कंस तुम्ही उडवलात. तुमची अर्धी ओळ वाचली आणि माझ्या मावशी-काकांचं रोम गेलं.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्या शेजारच्या गाळ्यातला एजंट म्हणेल, तो तसलाच आहे, आमच्याकडे या. पत्रक त्याचंही हेच आहे. त्यामुळे हे पत्र तुम्हाला आहे आणि त्यालाही.

मावशी निवृत्त शिक्षिका, काका बँकेतून निवृत्त. आयुष्यात एकदा समुद्रातून परदेश बघायचा म्हणून दोघांनी मुदत ठेव मोडली. तुम्ही त्यांना आठवडाभराची भूमध्य समुद्राची क्रूझ विकलीत: चिवितावेक्कियाहून निघून सँटोरिनी, तुर्कस्तानातलं कुशादासी, मिकोनोस, नेपल्स आणि परत चिवितावेक्किया. मार्ग सुंदर आहे. विकताना तुम्ही काय काय लपवलंत ते आता चारचौघांत वाचा.

पहिला दिवस: रोम दर्शन. शेवटचा दिवस: रोम दर्शन. ही तुमची छापील वाक्यं. पहिल्या दिवशी सकाळी विमान रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलं आणि तुमची गाडी दोघांना थेट बंदरावर घेऊन गेली, कारण दुपारनंतर जहाजावर चढण्याची खिडकी बंद होते. शेवटच्या दिवशी सकाळी आठला जहाज सोडलं आणि गाडीने परत विमानतळ. दोन्ही वेळा रोम महामार्गावरच्या पाट्यांवर दिसलं. पत्रकात मोजलेले दोन दिवस प्रत्यक्षात प्रवासाचे होते, आणि हे तिकीट काढतानाच ठरलेलं होतं. त्यात ते विमान दोन-तीन तास उशिरा आलं असतं तर जहाज थांबलं नसतं. ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच दिवशी मुंबईहून पोचण्याचं तिकीट सत्तरीच्या माणसांना काढून देणं हा जुगार आहे, आणि तो तुम्ही त्यांच्या पैशांवर खेळलात. एक दिवस आधी पोचायचं, शक्य असेल तर दोन. हॉटेलचा खर्च वाढतो, पण तेवढ्यात रोमही होतं आणि रात्रीची झोपही. बंदराच्या गावापासून रोमकडे जाणारी साधी लोकल गाडी सान पिएत्रो स्टेशनावर थांबते. तिथून सेंट पीटर्सचा चौक चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सांगायला तुम्हाला एक मिनिट लागलं असतं.

रोमपुरतं असतं तर एकवेळ सोडून दिलं असतं. तुमचं सगळं पत्रकच असं आहे. 'फ्लॉरेन्स' लिहिलंय तिथे जहाज लिव्होर्नोला लागतं, फ्लॉरेन्स तिथून ९० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, अंतर सुमारे २०० किलोमीटर. 'बँकॉक' म्हणजे लेम चबांग, शंभराहून जास्त किलोमीटर. आणि 'व्हेनिस'! इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली. आता बरीच मोठी जहाजं रावेन्नाला किंवा त्रिएस्तला लागतात. रावेन्नाच्या बंदरापासून व्हेनिस साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. तुमच्या पत्रकावर मात्र अजून सान मार्कोच्या चौकासमोरून जाणारं जहाज आहे. त्या चित्राचं आयुष्य संपून काही वर्षं झाली. तुमच्या कार्यालयात भिंतभर जगाचा नकाशा लावलेला आहे. गिऱ्हाइकाकडे तोंड आणि नकाशाकडे पाठ करून बसता, ती खुर्ची एकदा वळवा.

दूरचं बंदर म्हणजे वाईट सहल, असं मी म्हणत नाही. चिवितावेक्कियाला स्वतःचा इतिहास आहे, ते बंदर सम्राट त्राजानने बांधवलं. प्रश्न तासांचा आहे. जहाज सकाळी सातला लागून संध्याकाळी सातला सुटत असेल, तर उतरायला, जायला, यायला आणि सुटण्याआधी परत चढायला लागणारा वेळ वजा करून हातात किती उरतं, हा क्रूझ निवडताना विचारायचा पहिला प्रश्न. नेपल्सला जहाज शहराच्या पोटातच लागतं, धक्क्यावरून उतरलं की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला. बार्सिलोनाचंही तसंच. माल्टाचं व्हॅलेटा तर असं की पहाटे डेकवर उभं राहून बंदरात शिरतानाच निम्मी सहल वसूल होते. सिसिलीतल्या मेसिनाला धक्क्यापासून थोडं चाललं की कॅथेड्रल, आणि दुपारी बाराला त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळातला सिंह गर्जतो नि कोंबडा आरवतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अशी बंदरं असलेली क्रूझ दाखवायची असते. तुम्ही दाखवलीत सँटोरिनी.

सँटोरिनीबद्दल जरा थांबून बोलते, कारण तिथे मावशी रडली.

हे बेट म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या ज्वालामुखीची कड आहे. मधला भाग समुद्रात बुडाला, म्हणून पाणी खोल, आणि मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज मध्ये उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. बोट वर-खाली होत असताना जहाजाच्या दारातून तिच्यात पाय टाकावा लागतो. फिरा या गावाच्या जुन्या बंदरावर उतरलं की गाव वर कड्यावर. वर जायचे मार्ग तीन: केबल कार, सहाशेच्या आसपास पायऱ्या, किंवा त्याच पायऱ्यांवरून जाणारी खेचरं. एका वेळी दोन-तीन जहाजं उभी असली की केबल कारची रांग उन्हात तासभर सहज चालते, उतरतानाही तितकीच. मावशीच्या दोन्ही गुडघ्यांची दुखणी तुमच्या फॉर्मवर लिहिलेली होती. 'वैद्यकीय माहिती' असा रकाना तुम्हीच छापलाय. ती माहिती तुम्ही विमान कंपनीला व्हीलचेअरसाठी दिलीत आणि पुढे विसरलात. टेंडर बोटीत व्हीलचेअरची सोय बऱ्याचदा होत नाही. झाली तरी समुद्र शांत असेल तेव्हाच.

यावर तोडगा होता. जहाज कंपनीची स्वतःची सहल घेतली तर त्या प्रवाशांना बहुतेक वेळा अथिनिओस बंदरावर उतरवून बसने वर नेतात, चढाईची रांग टळते. ही सहल महाग पडते, म्हणून तुम्ही 'स्वस्तात स्वतः फिरा' असा सल्ला दिलात. धडधाकट तरुणांना तो ठीक आहे. मावशी बोटीच्या दारापर्यंत गेली, खाली हलणारं पाणी पाहिलं आणि परत फिरली. काकाही उतरले नाहीत. ज्या बेटाच्या फोटोवर तुम्ही पैसे घेतलेत ते दोघांनी डेकवरून पाहिलं. आणि मला सांगायला हवं, की डेकवरून ते बेट अप्रतिम दिसतं. पहाटे जहाज त्या बुडालेल्या ज्वालामुखीच्या पोटात शिरतं, चहूबाजूंनी काळे-तांबडे कडे, आणि त्यांच्या माथ्यावर बर्फ साठल्यासारखी पांढरी गावं. मावशीला हे आधी माहीत असतं तर ती पहाटे पाचला शाल घेऊन डेकवर बसली असती आणि दिवसभर तृप्त राहिली असती. तिला उतरायचं आश्वासन होतं, म्हणून जे मिळालं तेही हुकलेलं वाटलं. हे नुकसान कुठल्या परताव्यात भरून निघत नाही.

आता महिना. तुम्ही ऑगस्ट विकलात, कारण गणपतीआधी सवलत होती. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो, आकाश निरभ्र आणि वारा सुसाट. तो जोरात असला की टेंडर बोटी बंद, आणि कप्तान ते बंदर सोडून पुढे जातो. मिकोनोस असंच सुटलं. करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की हवामानामुळे बंदर गाळण्याचा अधिकार कप्तानाचा आहे, परत मिळतं ते फार तर बंदर शुल्क. कप्तानाने योग्य केलं. त्याच्या जागी कुणीही जबाबदार माणूस तेच करील. माझा राग त्या माणसावर आहे ज्याने मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर सुचवला नाही. तेव्हा ऊन सोसवतं, गर्दी कमी असते, वाराही बराच निवलेला असतो. शिवाय २०२५ च्या जुलैपासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलंय, सँटोरिनी आणि मिकोनोससाठी भर हंगामात माणशी २० युरो. हेही 'सर्व खर्च समाविष्ट' असं छापलेल्या पानावर कुठे नव्हतं.

व्हिसाची गोष्ट तर मी आयुष्यभर विसरणार नाही. इटली आणि ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या गटात, तुर्कस्तान बाहेर. कुशादासीला जहाज गेलं की तुम्ही शेंगेनबाहेर पडता, आणि मिकोनोसला पुन्हा आत येता. म्हणजे एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा हवाच. तुमच्या माणसाने अर्जात एक प्रवेश मागितला. पासपोर्टवर चिकटलेल्या व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ०१ लिहिलेलं मी पाहिलं, आणि निघायला फारसे दिवस उरलेले नसताना सगळं नव्याने करावं लागलं: फी, फेऱ्या, काकांचा वाढलेला रक्तदाब. तुम्ही फोनवर म्हणालात, "काकू, चालून जातं हो." चालून जात नाही. बंदरावरच्या खिडकीत कागद तपासूनच माणसं चढवतात, आणि व्हिसा अपुरा असेल तर तिथूनच परत पाठवतात. क्रूझचे पैसे तेव्हा परत मिळत नाहीत. ज्याचा रोजचा धंदा प्रवासाचा आहे त्याला शेंगेनची हद्द माहीत नसेल तर त्याने महाबळेश्वरच्या बस काढाव्यात. मार्गात क्रोएशिया असेल तर तो १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रोचं कोटोर अजून बाहेर. प्रत्येक बंदरासमोर देश आणि त्याच्या व्हिसाचा नियम लिहून गिऱ्हाइकाला देणं हे तुमचं काम आहे, त्याच्या भाचीचं नाही.

खोलीकडे येऊ. तुम्ही 'बाल्कनी गॅरंटी' विकलीत. या स्वस्त प्रकारात खोलीचा प्रकार ठरलेला असतो, नंबर कंपनी शेवटी देते. मिळाली ती अगदी पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, तरणतलावाच्या डेकखाली. जहाजाच्या बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते दोन्ही कुशींवर कलणं कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होणं त्यांना फारसं थांबवता येत नाही. मेल्टेमीत ते टोक रात्रभर उचललं आणि आपटलं. पहाटे डोक्यावर आरामखुर्च्या ओढायचा आवाज. ज्याला गाडी लागते त्याने जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर खोली घ्यायची, वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असलेल्या मजल्यावर. नाट्यगृहाच्या किंवा नाचघराच्या वर नको, स्वयंपाकघराच्या आसपास नको, शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली नको, कारण त्या दारातून शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू येतो. खिडकीसमोर लाइफबोट असेल तर नकाशात तसं लिहिलेलं असतं, ती खोली स्वस्त असते आणि झोपायला उत्तम. जहाजाचा मजल्यामजल्याचा नकाशा फुकट मिळतो. तो गिऱ्हाइकासमोर पसरायला तुम्हाला पाच मिनिटं नव्हती. बिनखिडकीची पण मध्यावरची खोली दोघांना निम्म्या दरात सुखाची झाली असती, आणि उरलेल्या पैशांत रोममधली हॉटेलची रात्र निघाली असती.

मळमळीवर तुम्ही दिलेली गोळी मी नंतर मागवून पाहिली. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या माणसाला काउंटरवरून गोळी देणारे तुम्ही कोण? ती आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यायची, आणि त्रास सुरू होण्याआधी घ्यायची. मग मोकळ्या डेकवर मध्यावर यायचं, क्षितिजाकडे बघायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही.

'इलेक्ट्रिक केटल न्या, खोलीत खिचडी करा.' हा तुमचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश अजून माझ्याकडे आहे. जहाजावर आग ही सगळ्यांत मोठी भीती. म्हणून केटल, इस्त्री, असली तापणारी उपकरणं बहुतेक जहाजांवर चालत नाहीत. सामान तपासताना मावशीची केटल काढून घेतली, चोरासारखं उभं राहून कागदावर सही करावी लागली, शेवटच्या दिवशी परत मिळाली. आणि खिचडीची गरजच नव्हती. मोठ्या जहाजांवर शाकाहारी जेवण उत्तम मिळतं, जैन जेवणही मिळतं, मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी मागावं लागतं, आणि चढल्यावर मुख्य भोजनगृहातल्या मुख्य वेटरला भेटून आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं सांगावं लागतं. सांगितलं की करतात, आवडीने करतात. उपवास असेल तर तोही सांगावा. तुमच्याकडून ही मागणी गेलीच नव्हती. ती पूर्ण केली सासष्टीतल्या एका गोयंकार वेटरने. मावशी मराठीत काकांशी बोलतेय हे ऐकून तो आला, आणि पुढचे सगळे दिवस रात्री भात-वरणाची वाटी टेबलावर आणत राहिला.

आणि त्याच मुलाच्या पगारावर तुम्ही हात टाकायला शिकवलंत.

बक्षिशीची रक्कम मोठ्या अमेरिकी कंपन्यांत माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर असते आणि ती रोज आपोआप खात्यावर चढते. दोघांचे आठवड्याला सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी डॉलर. तुम्ही आधी म्हणालात, 'सगळं पॅकेजमध्ये आलं.' बिल पाहून काकांनी फोन केला तेव्हा म्हणालात, 'रिसेप्शनवर जाऊन काढून टाका, सगळे भारतीय तेच करतात.' महाशय, ज्यांना गोव्यात तारवटी म्हणतात त्या खलाशांच्या घरांवर ही बक्षिशी चालते. महिनोन्महिने घरापासून लांब, बिनखिडकीच्या खोलीत दोघं-चौघं झोपून, आठवड्याची सुट्टी नसताना ही माणसं तुमच्या गिऱ्हाइकांच्या चादरी बदलतात. तो खर्च बुकिंगच्या वेळी दरात धरून सांगायचा असतो. तुमचा दर शेजारच्या एजंटापेक्षा कमी दिसावा म्हणून तुम्ही तो लपवता, आणि मग गिऱ्हाईक बिघडलं की स्टुअर्डच्या पोटावर पाय देता. काकांनी रक्कम काढली नाही. शिक्षिकेच्या घरातली माणसं तसं करत नाहीत.

यापेक्षाही गंभीर एक गोष्ट आहे. 'सेफ्टी ड्रिल असते ती नुसती फॉर्मॅलिटी, तेव्हा गर्दी नसते, जेवून घ्या.' हेही तुमचंच. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज याच चिवितावेक्कियाहून निघालं आणि त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडलं. ४,२०० हून जास्त माणसं होती, ३२ गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती, ती दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती. अंधारात आपली जागा कुठली हे शेकडो माणसांना माहीत नव्हतं. मृतांमध्ये मुंबईचा एक वेटर होता. त्याचे अवशेष सगळ्यांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सापडले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ड्रिल घ्यावीच लागते. हल्ली बऱ्याच जहाजांवर खोलीतल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर सूचना पाहून आपल्या जमण्याच्या जागी जाऊन हजेरी लावायची असते, दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्या जागी पायांनी जाऊन यायचं, जिना कुठला ते पाहून ठेवायचं. ही गोष्ट टाळा असं म्हाताऱ्या माणसांना सांगणारा माणूस प्रवासाच्या धंद्यात असता कामा नये. इथे मी आवाज चढवूनच बोलतेय.

विमा तुम्ही दिलात तो व्हिसाला लागणारा किमान, ३० हजार युरोंचा. क्रूझचं रद्द होणं, हुकलेलं जहाज, जुनी दुखणी यांतलं त्यात काहीही नव्हतं. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल प्रवाशाच्या खात्यावर चढतं आणि ते जबर असतं. हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर विचारूच नका. मोबाइल समुद्रात फ्लाइट मोडवर ठेवायचा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कवर रोमिंगचं बिल फुगतं. काकांचं फुगलं. टीसीएसचे, म्हणजे आगाऊ आयकराचे, पैसे तुम्ही कापलेत, पण ते आयकर विवरणपत्रात वळते करून घेता येतात हे सांगितलं नाहीत, प्रमाणपत्रही मागून मागून दिलंत. आणि शेजारच्या वहिनींना, त्या एकट्याच जाणार म्हटल्यावर, 'माणशी' दर सांगितलात. तो दर एका खोलीत दोघं धरून असतो. एकट्या माणसाला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. वहिनींना हे हप्ता भरल्यावर कळलं.

तुम्ही विकताना सगळा वेळ पाण्याच्या घसरगुंड्यांवर, कॅसिनोवर, मध्यरात्रीच्या बुफेवर घालवलात. २०२२ मध्ये आलेल्या एमएससी वर्ल्ड युरोपासारख्या जहाजात साडेसहा हजारांहून जास्त प्रवासी मावतात. नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांनी अशी जहाजं खुशाल निवडावीत, मुलं खूश राहतात. पण सत्तरीच्या जोडप्याला काय आवडेल हे त्यांच्याशी दहा मिनिटं बोलला असतात तर कळलं असतं. काकांना भूगोलाचं वेड आहे. चिवितावेक्कियाहून सँटोरिनीला जाताना जहाज सिसिली आणि इटलीच्या मधून, मेसिनाच्या सामुद्रधुनीतून जातं. सगळ्यांत अरुंद जागी ती जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे, दोन्ही काठांवरचे दिवे दिसतात. त्याआधी रात्री स्ट्रॉम्बोली लागतो. तो ज्वालामुखी थोड्याथोड्या वेळाने अंधारात लाल ठिणग्या उडवतो, दर्यावर्दी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणतात. जहाज तिथून किती वाजता जाईल हे रिसेप्शनवर विचारलं की सांगतात. काका तेव्हा झोपले होते, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर कळलं.

कुशादासीला मात्र दिवस छान गेला, आणि त्याचं श्रेय त्यांच्या तिथल्या वाटाड्याला. इफेससचे अवशेष उतारावर आहेत. वरच्या दरवाजाने आत गेलं की संगमरवरी रस्ता खाली खाली उतरत सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंत येतो, आणि खालच्या दरवाजाशी गाडी उभी. मावशी काठी टेकत पूर्ण चालली. वाटाड्याने आधी गालिच्यांच्या दुकानात नेलं नाही, तेही विशेष.

आणखी एक गोष्ट तुमच्या सूचनापत्रात असायला हवी होती. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर देतात, त्या खोलीत संध्याकाळी येतात. औषधं, चष्मा, कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवायची. शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, तेव्हा सकाळचे कपडे आणि गोळ्या बाहेर काढून ठेवायच्या. मावशीची साखरेची गोळी त्या बॅगेत गेली. जेवणाआधी हात साबणाने धुवायचे. दारातल्या जंतुनाशकाच्या फवाऱ्यावर विसंबायचं नाही, कारण जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसला ते फारसं जुमानत नाही. बंदरावर स्वतः फिरायला गेलात तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवायचं आणि तासभर आधी परतायचं. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

मला तुमच्याकडून पैसे परत नकोत, मावशीही मागत नाही. पुढच्या पत्रकात प्रत्येक शहरापुढे बंदराचं खरं नाव, अंतर आणि हातात उरणारे तास छापा. टेंडर बोटीची बंदरं वेगळ्या रंगात दाखवा. दरात बक्षिशी, बंदर शुल्क, विमा धरा आणि मग माणशी आकडा लिहा. आकडा मोठा दिसेल, काही गिऱ्हाइकं जातील. जी उरतील ती पुन्हा येतील.

आणि हे पत्र वाचणाऱ्या, आई-वडिलांना किंवा स्वतःला क्रूझवर पाठवायच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाला विनंती: या महाशयांसारख्या कुणासमोर बसलात तर चेकबुक काढण्याआधी बंदरांची नावं, तिथले तास, खोलीचा नंबर, व्हिसात लागणारे प्रवेश आणि वेगळा पडणारा खर्च लेखी मागा. जो लेखी देत नाही त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

एका मावशीची भाची